पाठराखा

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. आमच्या लहानपणी या गावाची सकाळ घड्याळाच्या गजराने होत नसे. मागांच्या खडखडाटाने होत असे. पाळी बदलण्याची वेळ झाली की कामगारांच्या सायकली एकामागून एक गल्लीबोळांतून बाहेर पडत. कोणाच्या कॅरिअरवर सुताचे गठ्ठे, कोणाच्या हँडलला जेवणाचा डबा, तर कोणाच्या दांडीवर शाळेत निघालेले पोर. सायकल ही आमच्याकडे चैनीची वस्तू कधीच नव्हती. ती घरातील एक कष्टाळू माणूसच होती म्हणा ना!

अशा गावातील एका शाळेत मी पुष्कळ वर्षे शिक्षक होतो व पुढे मुख्याध्यापक झालो. मुलांनो, आज तुम्हांला जी हकीकत सांगणार आहे तीत मोठेपणा मिरविण्यासारखे माझ्याकडे काही नाही. उलट, चूक माझीच होती. पण ती सांगितल्यावाचून पुढचे सांगता येणार नाही.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतील एका रविवारी आठवीच्या अठरा मुलांना सायकलींवरून वज्रेश्वरीस न्यावयाचे ठरले. वज्रेश्वरी भिवंडीपासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. वसईच्या मोहिमेवर निघालेल्या चिमाजी अप्पांनी या देवीस नवस केला होता आणि १७३९ मध्ये वसईचा किल्ला सर झाल्यावर तो फेडला, असे सांगतात. जवळच अकलोली येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. इतिहास, भूगोल आणि सहल अशी तिन्ही कामे एका दिवसात उरकतील, असा माझा हिशेब होता. निम्म्याहून अधिक मुलांपाशी स्वतःची सायकल नव्हती. त्यांनी दुकानातून दिवसाच्या भाड्याने सायकली आणल्या. त्या कशा आहेत हे मी पाहिले नाही. चाके फिरतात एवढे पाहिले आणि समाधान मानले.

नदी नाका ओलांडून आम्ही वाड्याच्या रस्त्याला लागलो. शेलार मागे पडले, कवाड मागे पडले. थंडीचे दिवस, दोन्ही अंगांना कापणी झालेली भाताची खाचरे, अंगावर कोवळे ऊन. मुलांच्या अंगात वारे शिरले होते. कोणी दोघे जोडीने गप्पा मारीत चालले, कोणी मागून येऊन पुढच्याला मागे टाकी, मग तो चिडून पुन्हा पुढे काढी. अनगावच्या सुमारास एकाचे पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला घासले आणि तो रस्त्यावर आडवा झाला. गुडघा खरचटला, एवढ्यावरच निभावले. मी त्याला दोन शब्द सुनावले, जखम धुतली आणि आम्ही पुन्हा निघालो. माझ्यासोबत एक सहशिक्षकही होते. पण ते आणि मी, दोघेही सर्वांच्या पुढे! पुढाऱ्याने पुढे असावे, एवढेच पुढारीपण मला त्या वेळी ठाऊक होते. मागून मुले गाणी म्हणत येत होती. गाण्याचा आवाज येतो आहे त्या अर्थी सारे ठीक आहे, असे मी धरून चाललो.

वज्रेश्वरीस मंदिराच्या पायऱ्यांपाशी सायकली लावल्या आणि मी मुले मोजली. सतरा भरली. पुन्हा मोजली. पुन्हा सतराच.

“अरे, तो कुठे आहे?” मी विचारले.

“सर, माझ्या मागेच होता,” एक जण म्हणाला. दुसऱ्यास विचारले, तर तोही तेच म्हणाला. जो तो म्हणे, ‘माझ्या मागेच होता’. पण मागे वळून कोणीच पाहिले नव्हते, मीही नाही.

सहशिक्षकांना मुलांपाशी ठेवून मी उलट निघालो. त्या वेळी खिशात फोन असण्याचे दिवस नव्हते. त्या सहा-सात किलोमीटरांत मी रस्त्याकडेची प्रत्येक चारी आणि प्रत्येक झुडूप निरखीत होतो. काय दिसेल या भीतीने छाती धडधडत होती. त्या मुलाचे वडील मागावर काम करीत. सकाळी त्यांनीच त्याला शाळेच्या फाटकापाशी सोडले होते आणि जाताना “सर, तुम्ही आहातच” असे ते म्हणाले होते. ते तीन शब्द माझ्या पायडलांबरोबर फिरत होते.

अंबाडीला रस्ता फुटतो. डावीकडे वज्रेश्वरी, सरळ गेले की कुडूस आणि पुढे वाडा. नाक्यावरच्या पानवाल्याला विचारले.

“शाळेचा पोरगा ना? मघाशीच गेला की सरळ, वाड्याच्या बाजूला. लई जोरात होता.”

कुडूसच्या अलीकडे मला रस्त्याकडेला एक ट्रक उभा दिसला. मागे दगड लावलेले, दिवे उघडझाप करीत असलेले. ट्रकच्या पुढच्या बाजूस सावलीत आमचा मुलगा बसला होता. हात साखळीच्या वंगणाने काळे, कोपर सोललेले. ट्रकचालक जमिनीवर बसून त्याच्या सायकलीची साखळी बसवीत होता. मला पाहून तो उठला व म्हणाला, “मास्तर, पोराला एवढ्या लांब एकटं सोडतात का?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

झाले होते ते असे. भाड्याच्या सायकलीची साखळी सैल होती. एका चढावर ती पडली. मुलगा उतरून ती बसवीपर्यंत आम्ही दिसेनासे झालो. आम्हांला गाठण्यासाठी त्याने जीव तोडून सायकल हाणली. अंबाडीच्या फाट्यावर त्याला वळण सांगण्यास कोणी उभे नव्हते; तो सरळ गेला. पुढे साखळी पुन्हा पडली, पायडल एकाएकी मोकळे फिरले, तोल गेला आणि तो रस्त्याच्या मध्यभागी झोकांडला. मागून हाच ट्रक येत होता. चालकाने करकचून ब्रेक दाबला. सायकल आणि ट्रक यांत चार हातांचे अंतर उरले होते, असे त्यानेच मला सांगितले. आपल्याकडे अपघाताचा दोष बहुधा ट्रकवाल्यांच्या माथी मारण्याची रीत आहे. त्या दिवशी एका मुलाचा जीव वाचला तो एका ट्रकवाल्यामुळे, हे येथे लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

परतताना मुलगा एकच वाक्य बोलला. “सर, मी घंटी वाजवत होतो. पण तुम्ही सगळे गात होता.”

सोमवारी मी वर्गात नेहमीचा धडा घेतला नाही. फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : ‘आपण अठरा जण एकत्र निघालो होतो काय?’ मुले बराच वेळ गप्प होती. मग एक जण उठून म्हणाला, “सर, एकत्र निघालो होतो, पण एकत्र चाललो नव्हतो.” त्या तासाला आणि पुढच्या दोन-तीन तासांना आम्ही जे शोधून काढले ते तुम्हांला सांगतो. त्यात मी पुढे वाचून व अनुभवून मिळविलेलीही काही भर आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी आषाढीची दिंडी पाहिली असेल. शेकडो माणसे एका रस्त्याने जातात, पण ती गर्दी नसते. पुढे पताका असतात, त्यांच्यामागे टाळकरी, मग वीणेकरी, मग तुळशी घेतलेल्या स्त्रिया. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, प्रत्येकाला जागा असते. चोपदाराने चोप उंच केला की हजारोंचा गलबला क्षणात शांत होतो. चालण्याची शिस्त ही आपल्याकडे परदेशातून आणावी लागत नाही. नाशिकचे सायकलस्वार आता सायकलींवरूनही पंढरीची वारी करतात, तेव्हा हीच रीत चाकांवर आली म्हणावयाची.

पहिला विचार अर्थातच सायकलींचा. निघण्याच्या आदल्या दिवशी, आदल्या रात्री नव्हे, प्रत्येक सायकल तपासावी; म्हणजे दुरुस्तीस वेळ राहतो. टायर अंगठ्याने दाबून हवा पाहावी. दोन्ही ब्रेक लावून सायकल पुढे ढकलून पाहावी. चाक सरकले तर ब्रेक कामाचे नाहीत. साखळी बोटाने वर-खाली हलवून पाहावी. ती फार झोल खात असेल तर चढावर दगा देणार हे निश्चित. घंटा, मागचा लाल परावर्तक, आणि अंधार पडण्याचा संभव असेल तर पुढचा व मागचा दिवा. डोक्याला शिरस्त्राण हवेच. ते कपाळ झाकील असे आणि हनुवटीखाली पट्टा बांधून घालावे. मागे सरकवून टोपीसारखे घातलेले शिरस्त्राण पडताना आधी निसटते. आमच्या वेळी मुलांना ही वस्तू ठाऊकच नव्हती. त्यामुळे ‘आम्ही कुठे घालीत होतो?’ असे कोणी वडीलधारे म्हणाले, तर त्यांच्यापुढे वाद घालू नका, पण ते घालूनच निघा.

आता रांगेचा विचार. रस्त्याच्या डाव्या बाजूने, एकामागे एक जावे हे तुम्हांला ठाऊक आहे. पण किती अंतरावर? हे गणिताने काढता येते. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटरांहून थोडे अधिक जाते. पुढच्याने ब्रेक लावला हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर आवळेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. म्हणजे चार-साडेचार मीटर अंतर तर नुसते समजण्यातच जाते! म्हणून दोन सायकलींमध्ये अडीच सायकलींइतकी जागा ठेवावी; उतारावर व ओल्या रस्त्यावर त्याहून अधिक. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही नेऊ नये. दोन्ही चाके घासली तर पुढचा बहुधा सावरतो, मागचा पडतो. कारण ज्या चाकाने तोल सांभाळावयाचा तेच त्याचे चाक अडकते. अनगावला गुडघा फुटला तो याच कारणाने.

मग वर्गातील एका हुशार मुलाने शंका काढली. अठरा सायकली अशा अंतराने चालल्या, तर रांग सुमारे ११० मीटर लांब होईल. ती मागून येणाऱ्या ट्रकने कशी ओलांडावी? आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. ट्रक ताशी ५० किलोमीटर वेगाने येत असेल आणि सायकली १५ च्या वेगाने, तर रांग ओलांडण्यास त्याला अकरा सेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात तो स्वतः दीडशे मीटरांहून अधिक जातो. एवढा वेळ तो समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला राहणार! समोरून एखादी बस आली, तर तो डावीकडे, म्हणजे आपल्या अंगावर येणार. त्याच्यापुढे दुसरा मार्गच उरत नाही. हेच सहा-सहांचे तीन गट केले व दोन गटांत साठ-सत्तर मीटर मोकळे ठेवले, तर एक गट साडेतीन सेकंदांत ओलांडला जातो आणि ट्रकला मध्ये शिरण्यास जागा मिळते. तोपर्यंत माझा समज असा होता की लांबच लांब अखंड रांग हीच शिस्त. गणिताने तो समज मोडला.

मोठ्या वाहनांविषयी आणखी दोन गोष्टी भिवंडीच्या मुलांनी तरी विसरू नयेत, कारण गोदामांकडे जाणारे कंटेनर आपल्या दारावरून जातात. पहिली अशी की, उंच बसलेल्या चालकाला आपल्या वाहनाच्या अगदी पुढची, अगदी मागची आणि डाव्या कुशीची बरीच जागा दिसत नाही. तुम्हांला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असे समजावे. दुसरी अशी की, लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतल्या बाजूस कापत येतात. नाक्यावर डावीकडे वळू पाहणाऱ्या कंटेनरच्या आणि पदपथाच्या मध्ये जी मोकळी जागा दिसते ती मोकळी नसते. थोड्याच क्षणांत ती नाहीशी होणार असते. तेथे सायकल घालू नये. मागे थांबावे.

बोलण्याची सोय हवी. वाऱ्यात व गाड्यांच्या आवाजात पुढच्याचे शब्द मागे पोहोचत नाहीत, म्हणून हातांनी बोलावे. उजवीकडे वळावयाचे तर उजवा हात आडवा, डावीकडे वळावयाचे तर डावा. थांबावयाचे असल्यास हात उंच. खड्डा, खडी किंवा सांडलेले तेल दिसले तर त्या बाजूस बोट खाली दाखवावे. प्रत्येकाने पुढच्याची खूण मागच्याला द्यावी. मध्येच कोणी ती गिळली तर पुढचे सारे आंधळे. शब्द ठेवावयाचे तर ते तोडके असावेत : ‘खड्डा!’ ‘मागून गाडी!’ ‘थांबा!’ खूण करून लगेच दोन्ही हात हँडलवर. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, तेव्हा त्याला विहीरच समजून चालावे. पण तो चुकविण्यासाठी एकदम उजवीकडे वळू नये. आधी मागे पाहावे, मग हळूहळू सरकावे. चाकांच्या कडा ओल्या झाल्या की त्यांवर घासणारे ब्रेक उशिरा धरतात. म्हणून उतार लागण्यापूर्वीच ते एक-दोनदा हलके दाबून कडा पुसून घ्याव्यात. रेल्वेचे रूळ ओलांडताना चाक रुळाला आडवे न्यावे. तिरपे नेले की ते खोबणीत अडकते. खरे तर उतरून चालत जाणे उत्तम, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

गावातून जाताना वेग कमी करावा. म्हातारी माणसे, शेळ्या-गुरे आणि खेळणारी मुले यांना घंटा दुरून वाजवून जाणीव द्यावी. अगदी पाठीशी जाऊन वाजविली तर माणूस दचकून भलत्याच बाजूस उडी मारतो. विश्रांतीसाठी थांबावयाचे झाल्यास सर्वांनी सायकलींसह डांबरी रस्त्याखाली उतरावे.

आणि कोणी पडलेच तर? एकाने मागून येणाऱ्या वाहनांना दुरूनच हाताने सावध करावे, एकाने जखमेवर स्वच्छ फडके दाबून धरावे, एकाने फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक पाठ असू द्या. डोक्याला किंवा मानेला मार लागला असेल तर जखमीला उगाच उचलाउचल करू नये. रस्त्यावरच्या जखमीस मदत केली तर आपणच अडकू, अशी भीती पूर्वी लोकांना वाटे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा होऊन अशा मदत करणाऱ्यास संरक्षण मिळाले आहे. त्या ट्रकचालकाच्या वेळी असे कोणतेही कलम नव्हते. तरी तो थांबला.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. चव्वेचाळीस हजार मैलांचा तो प्रवास! आमच्या मुलांना ही हकीकत फार आवडे. पण त्यांना वाळवंटांची मौज वाटे आणि मला वेगळेच कुतूहल असे : इतकी वर्षे त्या तिघांनी एकमेकांसाठी किती वेळा वेग कमी केला असेल?

कारण वेग ठरवावयाचा कोणी, हाच शेवटचा व खरा प्रश्न होता. वर्गात त्यावर बरेच भांडण झाले. जोरात चालविणारे म्हणाले, हळू चालविणाऱ्यांमुळे आमचा खोळंबा होतो. अखेर ठरले ते असे : सर्वांत सावकाश चालविणारा पुढे, पुढाऱ्याच्या लगेच मागे, वेग त्याचा. फाट्यावर, वळणावर एकाने थांबावे आणि शेवटची सायकल आल्याखेरीज जागा सोडू नये. आणि सर्वांत भक्कम, दुरुस्ती जाणणारा सायकलस्वार सर्वांच्या मागे. नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते ना? त्यावरून मुलांनी त्याला ‘पाठराखा’ हे नाव दिले. पाठराख्याने कोणालाही मागे टाकून पुढे जावयाचे नाही. त्याच्यापाशी पंप, पान्हे आणि पंक्चरचे सामान राहील.

आज त्या रस्त्याने मी अठरा मुले नेणार नाही, हे स्पष्ट सांगतो. रहदारी कैक पटींनी वाढली आहे. आता नेलीच तर पहाटे, मागे एक मोटार ठेवून, किंवा आतल्या गावरस्त्यांनी लोणाडची लेणी पाहावयास नेईन. तिकडे जातानाही महामार्ग ओलांडावा लागतो. तेथे सर्वांनी उतरून, सायकली हातात धरून पार व्हावे.

पण त्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही पुन्हा वज्रेश्वरीस गेलो. पालकांची समजूत घालणे सोपे गेले नाही. हरवलेल्या मुलाच्या वडिलांकडे मी स्वतः गेलो व झालेली चूक सांगितली. ते काही वेळ मागाकडेच पाहत उभे राहिले. तेवढ्यात एक धागा तुटला. त्यांनी माग थांबविला, धागा जोडला, आणि मग म्हणाले, “न्या त्याला. त्यालाच जायचं आहे.”

निघण्यापूर्वी मी पाठराखा कोण होणार असे विचारले. सर्वांत दांडग्या मुलांनी हात वर केले. पण तो मुलगा पुढे आला. महिनाभर तो सायकल-दुकानात रोज संध्याकाळी बसून साखळी बसविणे, पंक्चर काढणे शिकला होता, हे मला तेव्हा कळले. कॅरिअरला त्याने लाल कापडाची एक चिंधी बांधली होती. मी त्याला शेवटची जागा दिली.

मंदिराच्या पायऱ्यांपाशी मी क्रमांक म्हणवून घेऊ लागलो. एक, दोन, तीन करीत आवाज सतरापर्यंत आले आणि थांबले. मुले मान वळवून रस्त्याकडे पाहू लागली. मीही पाहू लागलो. थोड्या वेळाने वळणावर लाल चिंधी दिसली. वाटेत कोणाच्या पिशवीतून पडलेला डबा उचलून घेण्यासाठी तो थांबला होता. घामाने डबडबलेल्या चेहऱ्याने त्याने सायकल लावली, डबा ज्याचा त्याला दिला आणि ताठ उभा राहून ओरडला,

“अठरा! सर, आता मागे कोणी नाही.”